घरकुल वस्तीत एका घराचा सगळ्यांना ताप : तक्रार कुठं करायची, घरकुल रद्द होतं का?

बोळ नंबर तीन (प्रश्न)

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पांढरकवड्याकडचं. गावठाणाला लागून ई-क्लासच्या (सरकारी पड-चराईच्या) जागेवर 34 घरकुलांची वस्ती आहे. प्लॉट 20 बाय 25 फुटांचे, मधले बोळ दहा फुटांचे. घरं बहुतेक प्रधानमंत्री आवास योजनेची, काही रमाई आणि काही शबरी घरकुल योजनेची. तिसऱ्या बोळातल्या एका घरामुळे बाकी अकरा घरं त्रासली आहेत.

त्यांनी बोळात साडेतीन फूट पुढे ओटा आणि न्हाणी बांधली. आता बंडी आत वळत नाही, 108 ची गाडी बोळाच्या तोंडाशी थांबते आणि पेशंटला उचलून न्यावं लागतं. संडासाचा पाईप खड्ड्यात न सोडता सरळ नालीत सोडला आहे. नळ एक तास येतो. तो पूर्ण तास त्यांचा टिल्लू पंप चालतो आणि शेवटच्या चार घरांत करंगळीएवढी धार पडते. दिवस मावळला की मोहाची दारू विकतात. पिणारे हापशीजवळ बसतात आणि पाण्याला येणाऱ्या बायांना नाही नाही ते बोलतात.

त्यात या घराकडे सहा एकर ओलिताचं शेत आणि ट्रॅक्टर आहे. बापाच्या नावानं एक घरकुल, मुलाच्या नावानं दुसरं. आणि वस्तीच्या टोकाला दोन कोलाम आदिवासी कुटुंबं प्लास्टिकच्या पन्नीखाली राहतात, त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही. हे रोज डोळ्यांसमोर आहे.

तंटामुक्ती समिती दोनदा बसली. दोन्ही वेळा ते “हो” म्हणाले आणि पुढे काही झालं नाही. आता लोक म्हणतात की घरकुलच रद्द करायला लावू, नळ तोडू, चक्कीवाल्याला त्यांचं दळण घेऊ नको म्हणून सांगू. यातलं काय होतं, काय होत नाही, आणि सुरुवात कुठून करायची?

नमुना आठ (उत्तर)

ताई, तुम्ही लिहिलेल्या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या एकाच अर्जात घातल्या तर एकही सुटणार नाही. सगळं एकत्र लिहिलेला अर्ज बीडीओकडे (गटविकास अधिकाऱ्यांकडे) गेला की शेरा पडतो, “अतिक्रमण ग्रामपंचायतीचा विषय”. ग्रामपंचायत म्हणते दारू ठाण्याचा विषय. ठाण्यात म्हणतात जागेचा वाद दिवाणी आहे. कागद तीन टेबलांवरून फिरून तुमच्याच गावात परत येतो. म्हणून एक विषय, एक अर्ज, एक कार्यालय. प्रत्येक अर्जाची पोच आवक क्रमांकासह घ्यायची. ग्रामपंचायतीचे सचिव पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

आधी घरकुल रद्द करण्याबद्दल, कारण लोकांचा सगळा जोर तिथं लागलेला दिसतो. वागणूक वाईट आहे म्हणून घरकुल रद्द होत नाही. घरकुल म्हणजे सरकारी क्वार्टर नव्हे. इथं सरकार घरमालक नाही आणि लाभार्थी भाडेकरू नाही. सरकारनं अनुदान दिलं, घर त्यानं बांधलं, घर त्याचं झालं. दारू विकली, शिव्या दिल्या, नाली तुंबवली, या प्रत्येकाला वेगळी कारवाई आहे. पण त्यातल्या कशानंही बीडीओंना मंजुरी काढून घेता येत नाही. मंजुरीला हात लागतो तो माणूस मुळात अपात्र असताना चुकीची माहिती देऊन लाभ घेतला असेल तर. तेव्हा चौकशी होऊन दिलेली रक्कम वसूल करण्याची कारवाई होऊ शकते.

मग ते अपात्र होते का? इथं लोक घाई करतात. पात्रता आजची पाहायची नसते, मंजुरीच्या वेळची पाहायची असते. ट्रॅक्टर घरकुलानंतर घेतला असेल तर त्याचा उपयोग नाही. निकषही मधे बदलले. प्रधानमंत्री आवासचे सुरुवातीला तेरा निकष होते. त्यात दुचाकी, फ्रिज, लँडलाइन फोन असला तरी नाव कटायचं आणि घरातल्या कुणाची कमाई महिन्याला 10,000 रुपयांच्या वर नको होती. 2024 साली ते दहा झाले. दुचाकी, फ्रिज आणि फोन वगळले, कमाईची मर्यादा 15,000 केली. आता नाव कटतं ते तीन-चार चाकी वाहन किंवा तसंच शेतीचं यंत्र, 50,000 किंवा जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, घरात सरकारी नोकर, नोंदणी केलेला बिगरशेती धंदा, आयकर किंवा व्यवसायकर भरणारा, अडीच एकर किंवा जास्त ओलीत, पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू यांवर. त्यांचं घर कोणत्या साली आणि कोणत्या यादीतून मंजूर झालं ते आधी काढा, “ब” यादीतून (2011 च्या सर्वेक्षणाची) की “ड” यादीतून (त्यात सुटलेल्यांची). मग त्या काळचा निकष लावा.

शेतीचा पुरावा सगळ्यात सोपा, कारण सातबारा आणि आठ-अ कुणालाही ऑनलाइन पाहता येतात. सातबाऱ्यावर विहीर-बोअरची नोंद आणि पीकपेऱ्यात कोणतं पीक ओलिताखाली दाखवलं ते पाहा. शेत कुणाच्या नावावर आहे तेही पाहा. सहा एकर आजोबांच्या नावावर असेल आणि वाटणी झाली नसेल तर चौकशीत पहिला प्रश्न तोच निघतो. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा माहिती अधिकारात मागू नका. ती बँकेकडची खाजगी माहिती आहे, अर्ज फेटाळला जातो आणि महिना वाया जातो.

बाप आणि मुलगा अशी दोन घरकुलं हे आपोआप गैर ठरत नाही. मुलाचं लग्न झालं, चूल वेगळी, रेशनकार्ड वेगळं, तर तो वेगळं कुटुंब धरला जातो. गैर तेव्हा, जेव्हा एकाच कुटुंबानं दोन योजनांतून लाभ घेतला, किंवा चूल एकच असताना कार्ड फक्त घरकुलापुरतं फोडलं. कार्ड विभक्त केल्याची तारीख आणि मंजुरीची तारीख शेजारी शेजारी ठेवा, त्यातून बरंच उलगडतं.

माहिती अधिकाराचा अर्ज पंचायत समितीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाही, कार्डाची प्रत जोडा. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत बसवावा लागतो. एवढंच मागा : मंजुरी आदेशाची प्रत, पात्रता पडताळणीचा अहवाल, ज्या ग्रामसभेत नाव मंजूर झालं तिच्या कार्यवृत्ताची प्रत, आणि हप्ते दिल्याच्या तारखा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील. “सर्व लाभार्थ्यांची संपूर्ण माहिती द्या” असं लिहिलं की माहिती विस्तृत आहे असं उत्तर येतं.

आता ओटा आणि न्हाणी. तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे ती इथं, आणि सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. कारण हे टेपनं मोजता येतं.

पहिलं म्हणजे बोळ कुणाचा ते कागदावर पक्कं करा. ई-क्लासची जागा गावठाणासाठी रीतसर वर्ग झाली असेल आणि मंजूर नकाशात बोळ रस्ता म्हणून असेल, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 चं कलम 53 लागतं. रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. तिनं काढलं नाही तर अर्जावरून किंवा स्वतःहून जिल्हाधिकारी तीच कारवाई करू शकतात. जागा अजून सरकारकडेच असेल तर ते सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण होतं आणि महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 50 खाली तहसीलदारांकडे अर्ज जातो. चुकीच्या कलमाखाली अर्ज केला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेवढ्यावर अर्ज उडवतो.

मोजणी अशी करा. नकाशाची प्रत घ्या. प्लॉटचे चार कोपरे फक्कीनं आखा. 20 बाय 25 च्या प्लॉटचा कर्ण 32 फूट भरला पाहिजे, दोन्ही कर्ण मोजा. एक कर्ण 32 आणि दुसरा 31 भरला तर कोपरे चुकले आहेत आणि तुमची पुढची सगळी मापं चुकतील. समोरासमोरच्या दोन्ही घरांच्या भिंतींपासून बोळाची रुंदी तीन ठिकाणी मोजा. टेप दिसेल असा फोटो काढा. दुसऱ्या कुणाचाही ओटा फूटभर पुढे असेल तर तो आधी मागे घ्या. कारवाई आली की ती पूर्ण बोळावर येते, आणि “फक्त माझंच का?” हा प्रश्न योग्यच असतो.

ग्रामपंचायत ढकलत का असते याचं एक कारण माहीत असू द्या. याच अधिनियमाच्या कलम 14 नुसार सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा ग्रामपंचायत सदस्य राहू शकत नाही, आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं कुटुंबाच्या अतिक्रमणात राहणाऱ्यालाही ते लागू धरलं. ज्या सदस्याचा स्वतःचा गोठा रस्त्यावर आहे तो दुसऱ्याच्या ओट्यावर बोट ठेवत नाही. म्हणून ठरावाची वाट पाहत बसू नका, लेखी अर्ज देऊन ठेवा. तीस दिवसांनी स्मरणपत्र, त्यानंतर सगळ्या पोचपावत्या जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे.

पंचनामा (उत्तर)

दारू आणि शिवीगाळीचं मी लिहितो, बाकी वर नीट आलं आहे.

हातभट्टीची दारू विकणं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 खाली गुन्हा आहे, जिल्हा दारूबंदीचा असो की नसो. विदर्भातल्याच गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, यवतमाळात परवान्याची दुकानं आहेत. पण घरात मोहा गाळून विकायचा परवाना कुठंच नसतो. कारवाई दोघं करू शकतात, तुमचं पोलीस ठाणं आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग. तक्रार दोन्हीकडे द्या.

धाड फसते ती बहुतेक वेळा चुकीच्या वेळी टाकल्यामुळे. संध्याकाळी घरात दोन-चार बाटल्यांपलीकडे काही सापडत नाही, गुन्हा किरकोळ नोंदतो, दंड भरून माणूस परत येतो. खरा माल म्हणजे सडवा, म्हणजे गाळण्याआधी भिजवून आंबवलेला मोहा. तो घरात नसतो, नाल्याच्या काठी, पऱ्हाटीच्या ढिगाखाली, प्लास्टिकच्या ड्रममध्ये पुरलेला असतो. मोहा भिजवल्यापासून गाळायला साधारण आठवडाभर लागतो, थंडीत जास्त. तक्रारीत “अमुक घरी दारू मिळते” एवढंच लिहू नका. भट्टी कुठं लागते, कोणत्या वाराला, धूर किती वाजता दिसतो, ड्रम कोणत्या बाजूला, हे लिहा. सडवा पंचनाम्यात आला आणि नमुने रासायनिक तपासणीला गेले की खटल्यात जीव येतो.

दारूच्या दोन-तीन केसेस झाल्या की ठाणेदारांना लेखी विनंती करा : याच कायद्याच्या कलम 93 खाली चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेण्याचा प्रस्ताव कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा. बाँड असताना पुन्हा विकली तर बाँडची रक्कम जप्त होते. त्याही पुढे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 56 खाली तडीपारी आहे, जास्तीत जास्त दोन वर्षं. पण ती एका तक्रारीवर होत नाही, मागे केसेस लागतात. म्हणून पहिली केस नोंदवून घेणं महत्त्वाचं.

गावात ग्रामरक्षक दल असेल तर त्यातल्या बायांनी खबर द्यायची, पंच व्हायचं. आपण होऊन ड्रम फोडू नका. ड्रम फुटला की पुरावा गेला, आणि वर घरात घुसल्याची तक्रार तुमच्यावर.

शिवीगाळ आणि धमकीची तक्रार ठाण्यात बहुतेक वेळा अदखलपात्र म्हणून घेतात, ज्याला सगळे एनसी म्हणतात. एनसी वाया जाते हा समज चुकीचा आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे आणि तिच्या कलम 174 नुसार अशा नोंदींचा अहवाल दर पंधरा दिवसांनी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला हवा. शिवाय तीन-चार एनसी साचल्या की कलम 126 खाली शांतता राखण्याचा बाँड मागता येतो, म्हणजे जुनं 107. पूर्वी 107 च्या नोटिसा दोन्ही बाजूंना सरसकट काढायची पद्धत होती आणि ती अजून गेलेली नाही. त्यामुळे तुमच्या बाजूच्या पोरांनी एकदाही हात उचलला नसला पाहिजे. एक थापड मारली की “परस्पर वाद” असा शेरा पडतो आणि मग तो पुसला जात नाही.

बायांबद्दल अश्लील बोलणं मात्र अदखलपात्र नाही. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम 296 दखलपात्र आहे, गुन्हा नोंदवून घ्यायला सांगा. तक्रारीत शब्द जसेच्या तसे लिहा. लाज वाटते म्हणून “अपशब्द वापरले” असं लिहिलं की कलमच लागत नाही. जातीवरून बोलले असतील आणि ऐकणाऱ्या बाई अनुसूचित जाती-जमातीच्या असतील, बोलणारा त्यातला नसेल, तर ॲट्रॉसिटीचा कायदा लागतो आणि तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो.

घरात एक वही ठेवा. तारीख, वेळ, काय झालं, कुणी पाहिलं. प्रत्येक नोंद दोन ओळींची. चार महिन्यांची वही ठाणेदारांच्या टेबलावर ठेवली की “आताच काय झालं?” हा प्रश्न येत नाही.

मुरूम आणि माती (उत्तर)

पाणी आणि नालीचं कुणी खोलात लिहिलं नाही म्हणून लिहितो. माणसं याला छोटी कुरबूर समजतात, पण आजार इथूनच येतो.

टिल्लू पंप लाईनला थेट लावला की तो दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढतो एवढंच होत नाही. लाईनमधला दाब शून्याच्या खाली जातो. पाईप नालीतून किंवा नालीच्या कडेनं गेला असेल आणि जोड जरासा ढिला असेल तर नालीतलं पाणी आत खेचलं जातं. आणि त्या नालीत, तुम्ही सांगता तसं, संडासाचा पाईप आहे. हे दोन एकत्र म्हणजे पावसाळ्यात पूर्ण बोळाला हगवण. आरोग्य उपकेंद्रात पाण्याचा नमुना तपासायला द्या आणि तो नळ सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी, शेवटच्या घरातून घ्या. अहवालात पाणी पिण्यास अयोग्य आलं तर ग्रामपंचायतीला गप्प बसता येत नाही.

वाटा कमी मिळतो हे आकड्यात दाखवा. जल जीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर आहे. पाच माणसांचं घर म्हणजे 275 लिटर. नळ एक तास येत असेल तर मिनिटाला साडेचार लिटरहून थोडं जास्त पडायला हवं, म्हणजे 15 लिटरची बादली सव्वातीन मिनिटांत भरली पाहिजे. आठ दिवस प्रत्येक घरात बादली लावून मिनिटं लिहा. पहिल्या घरी दीड मिनिट आणि शेवटच्या घरी बारा मिनिटं असा तक्ता ग्रामसभेत वाचला की कुणाचं नाव घ्यायची गरज राहत नाही.

उपाय तीन आहेत. पंप जप्तीचा ठराव करणं हा सगळ्यांना सुचतो, पण पंप दारामागे लपतो आणि नळवाला रोज घरोघर भांडू शकत नाही. दुसरा, नळाच्या तासात वस्तीची वीज बंद ठेवण्याची विनंती महावितरणला करणं. उन्हाळ्यात त्रास होतो पण चालतं. तिसरा मला सगळ्यात टिकाऊ वाटतो : वस्तीच्या लाईनवर दोन व्हॉल्व्ह टाकून शेवटच्या घरांना पहिला अर्धा तास, पुढच्या घरांना नंतरचा. टोकाकडच्यांना आधी दिलं की पंपवाल्याच्या वाट्याला ओढण्यासारखं काही उरत नाही. व्हॉल्व्हवर कुलपाची पेटी बसवा आणि किल्ली नळवाल्याकडेच असू द्या.

आता संडासाचा पाईप. त्यांच्याकडून तो काढून घ्यायचा असेल तर जायचं कुठं हेही सांगावं लागेल. तुमची जमीन काळी आहे, त्यामुळे घाईनं खणलेला खड्डा पावसाळ्यात तुंबतो आणि माणूस पुन्हा नालीत पाईप सोडतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते, तेव्हा खड्डा घटाघटा पाणी पितो आणि सगळ्यांना वाटतं जमलं. ओली झाली की ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जागच्या जागी राहतं. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. मुरूम पाच-सहा फुटांत लागत नसेल तर तिथं शोषखड्डा करूच नये. खड्डा आधी भरभरून भिजवा, मग फूटभर पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी तसंच असेल तर जागा बदला. दोन खड्ड्यांचा संडास, एक वापरात आणि एक बंद, हेच बरं. हापशीपासून निदान दहा मीटर लांब. बैठकीपासून खड्ड्यापर्यंतच्या चार इंची पाईपला दहा फुटांत तीन इंच उतार द्या, कमी दिला तर मैला अडकतो.

न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी शोषखड्ड्यात जाऊ शकतं. तोंडाशी बुडाला भोक पाडलेलं मडकं बसवून त्यात तणस भरा. तेल आणि साबणाचा गाळ तिथं अडतो. तणस महिन्यातून एकदा बदला नाहीतर वरून वाहायला लागतं.

नालीला शंभराला एक उतार लागतो, म्हणजे साठ फुटांच्या बोळात सात इंच. बोळ मधेच न्हाणीनं अडला असेल तर नाली तिथं वाकवतात, कोपऱ्यात कचरा साचतो आणि पाणी शेजारच्या घराच्या पायात मुरतं. काळ्या मातीत पायाजवळ एका बाजूला ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरडं राहिलं की घर एका अंगानं उचललं जातं. 269 चौरस फुटांच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलेली दिसली तर प्लास्टर करण्याआधी नाली पाहा.

बोळ नंबर तीन

सगळ्यांचे आभार. मोजणी या रविवारी करतो. दोन गोष्टी राहिल्या. येत्या ग्रामसभेत त्यांचा नळ तोडायचा आणि चक्की-किराणा बंद करायचा ठराव काही लोक आणणार आहेत. तो थांबवू की येऊ देऊ? आणि कोलाम कुटुंबांचं काय?

पोडावरून (उत्तर)

ताई, तो ठराव थांबवा, आणि ग्रामसभेच्या आधीच थांबवा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 3 जुलै 2017 पासून लागू आहे. पाणी, दळण, किराणा, स्मशान, मंदिर, लग्नाचं जेवण यापासून कुणाला गावानं मिळून तोडलं तर तो गुन्हा; तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ठरावाखाली सह्या करणारे सगळे त्यात येतात. तुमची सगळी मेहनत उलटेल आणि ते घर उद्या फिर्यादी होईल. कायदा बाजूला ठेवला तरी त्या घरात सून आहे, लेकरं आहेत. नळ तोडला तर दारू थांबत नाही, त्यांच्या चुलीवरचं पाणी थांबतं. पंप वापरल्याबद्दल नोटीस देऊन ग्रामपंचायतीनं नियमाप्रमाणे पंप जप्त करणं वेगळं. ते पंप लावणाऱ्या सगळ्यांना सारखं लागतं, माणूस पाहून लागत नाही.

आणखी एक. “या लोकांना वस्तीत घरच द्यायला नको होतं” हे वाक्य आपल्या भागात फार पटकन निघतं आणि ते नेहमी पारध्यांच्या, कोलामांच्या, मांगांच्या अंगावर जाऊन पडतं. तुमच्या वस्तीत आज ज्याच्यावर राग आहे तो जमीनवाला आहे. पण वागणुकीवरून घरकुल काढायची चाल एकदा गावाला कळली की पुढच्या खेपेला ती गरिबावरच चालेल.

कोलाम कुटुंबांनी “ड” यादीची वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्रात कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड हे तीन समाज आदिम म्हणून धरले आहेत, आणि त्यांच्यासाठी 15 नोव्हेंबर 2023 पासून पीएम-जनमन आहे. त्यात घराला दोन लाख रुपये मिळतात. साध्या प्रधानमंत्री आवासमध्ये सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार असं मूळ अनुदान आहे. अर्ज पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि पंचायत समितीत, दोन्हीकडे द्या.

अडतं ते तीन ठिकाणी. जातीच्या दाखल्यावर “कोलाम” असं स्पष्ट हवं. जुन्या कागदावर नुसतं “आदिवासी” किंवा चुकून दुसरी जमात लिहिलेली असते. आधारवरचं आणि बँकेतलं नाव जुळायला हवं, एक अक्षर वेगळं असलं तरी हप्ता परत जातो. तिसरं, जागा. पन्नी टाकलेली जागा त्यांची आहे की सरकारची, हे तलाठ्याकडून काढा. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत पैसे मिळतात. मंजुरी आली की घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करून घ्या.

दाखल्यासाठी त्यांना तालुक्याला चार खेपा मारायला लावू नका, एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी. वस्तीतल्या कुणीतरी कागद घेऊन सोबत जावं.

नमुना आठ

तंटामुक्तीचं राहिलं होतं. ही मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली ती समेटासाठी. समितीला दंड करायचा अधिकार नाही आणि दारूची केस तिच्यापुढे मिटवता येत नाही. पण ओटा, नाली, पंप यांवर तिसरी बैठक जरूर घ्या, फक्त तोंडी “हो” वर उठू नका. दोनदा फसलं ते यामुळेच. कागदावर असं लिहून घ्या : “बोळाची रुंदी पूर्व भिंतीपासून पश्चिम भिंतीपर्यंत दहा फूट राहील. न्हाणीचा साडेतीन फूट भाग अमुक तारखेपर्यंत स्वखर्चाने काढू. संडासाचा पाईप अमुक तारखेपर्यंत खड्ड्याला जोडू. तोपर्यंत नालीकडचं तोंड बंद ठेवू.” तारीख आकड्यात, खाली दोन्ही बाजूंच्या, पोलीस पाटलांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. एक प्रत ग्रामपंचायतीत आवक क्रमांकानं.

तारीख टळली तर हाच कागद जोडून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली, जुनं 133, उपविभागीय अधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज करा. त्यांनी स्वतः मापासह कबूल केलेलं असतं, म्हणून तिथं मोजणीचा वाद नव्यानं उभा राहत नाही. लक्षात असू द्या, हे कलम बोळ, नाली, हापशी अशा सगळ्यांच्या जागेसाठी आहे. कुणाच्या वळचणीचं पाणी फक्त तुमच्या भिंतीवर पडत असेल तर ते यात बसत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालय. बायांना, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच कार्यालय असतं. जाताना आधार, जातीचा दाखला आणि वहीची झेरॉक्स न्या.

रविवारी मोजताना पन्नास फुटी टेप घ्या. पंधरा फुटी टेपनं तुकड्यातुकड्यानं मोजलं की 32 चा कर्ण कधीच बरोबर येत नाही.